खुले पत्र : मशीन दिवसा उभे करून द्या

रेल्वे प्रकल्पांचे मालक, मुख्य ठेकेदार, त्यांचे प्रकल्प व्यवस्थापक आणि मशिनरी भाड्याने देणारे यांस,

सप्रेम नमस्कार.

रुळांच्या कामावर येणारी क्रेन, पोकलेन, पायलिंग रिग, बूम पंप आणि रोड-रेल मशीन तपासून 'चालू द्या' किंवा 'उभे करा' असा शेरा मारणारे आम्ही तपासणीस. तुमच्याकडून आम्हाला येणारा निरोप बहुतेक वेळा ठरलेला असतो : मशीन गेटवर आले आहे, रात्री ब्लॉक आहे (म्हणजे कामासाठी गाड्या बंद ठेवल्याची वेळ), थर्ड पार्टीचे सर्टिफिकेट जोडले आहे, तेवढी सही करून टाका. ही सही अशी का होऊ शकत नाही, ते सांगण्यासाठी हे पत्र.

आधी मागणी सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना ती डोळ्यांसमोर राहील. ब्लॉकच्या किमान एक दिवस आधी, दिवसाउजेडी, धुतलेले मशीन आम्हाला चार तास उभे करून मिळावे. जो ऑपरेटर रात्री ते चालवणार आहे तोच सोबत असावा. वजन नक्की माहीत असलेले लोखंड किंवा काँक्रीटचे ठोकळे जागेवर असावेत. आणि आम्ही 'उभे करा' लिहिले, तर दुरुस्ती होऊन पुन्हा पाहणी होईपर्यंत चावी आमच्याकडे राहावी.

सर्टिफिकेटला आमचा आक्षेप नाही. पण ते ज्या दिवशी दिले गेले त्या दिवशी क्रेनला किती काउंटरवेट (तोल सांभाळणारे मागचे वजन) लावले होते, बूम, म्हणजे क्रेनचा हात, किती लांब होता, हुकला रोपचे किती फॉल (भार वाटून घेणारे पदर) होते, याचे ते सर्टिफिकेट असते. तीच क्रेन पुढे चार ट्रेलरवर सुटी होऊन तुमच्या साइटवर येते आणि तिथे पुन्हा जोडली जाते. कागद तोच राहतो, जोडणी बदललेली असते. आमच्या कामातले बहुतेक धोके या दोहोंमधल्या फटीत बसलेले असतात.

वायर रोपचे घ्या. क्रेनच्या हॉइस्टला (हुक वर-खाली करणाऱ्या यंत्रणेला) साधारणपणे न फिरणारी, म्हणजे रोटेशन रेझिस्टंट, रोप असते. आयएसओ ४३०९ या क्रेनच्या रोपसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशा रोपचा व्यास एकसारखा ५ टक्के घटला की ती उतरवायची. स्टीलचा गाभा असलेल्या साध्या रोपला ही मर्यादा ७.५ टक्के, फायबरच्या गाभ्याला १० टक्के. २० मिमी रोपचे ५ टक्के म्हणजे एक मिलिमीटर. पण हा एक मिलिमीटर कुठून मोजायचा? कॅटलॉगातल्या २० पासून नव्हे. नवी रोप बसवून थोडी चालवल्यावर जे प्रत्यक्ष माप येते, त्यापासून. नवी रोप अनेकदा २०.४ भरते. मग उतरवण्याची वेळ १९.४ ला येते. लॉगबुकात ते पहिले माप लिहिलेलेच नसेल, तर सगळे २० पासून मोजतात आणि रोप १९ पर्यंत चालू राहते. म्हणून रोप बदलली की त्याच आठवड्यात व्हर्नियरने घेतलेले माप लॉगबुकात हवे. मापही पेडांच्या उंचवट्यांवर घ्यायचे. दोन पेडांमधल्या सपाटीवर व्हर्नियर टेकला तर आकडा खोटा येतो.

तुटलेल्या तारा मोजायच्या त्या दोन लांबींत : व्यासाच्या ६ पट आणि ३० पट. २० मिमी रोपला १२० मिमी आणि ६०० मिमी. किती तारा तुटल्या तर चालेल, हे रोपच्या बांधणीनुसार तक्त्यात दिलेले असते, अंदाजाने ठरवायचे नसते. मापे घेण्याआधी ग्रीस आणि धूळ पुसावी लागते, हुक जमिनीपर्यंत उतरवून ड्रमवर शेवटचे दोन-तीन वेढे उरेपर्यंत रोप सोडावी लागते. खालच्या थरातली, वरच्या वेढ्यांच्या भाराने चेपलेली रोप तेव्हाच दिसते. त्याच वेळी वेज सॉकेट, म्हणजे रोपचे टोक पाचरीने धरणारा सांधा, पाहायचे. भार घेणारा पदर पिनच्या सरळ रेषेत हवा. मोकळ्या शेपटावरचा क्लॅम्प भाराच्या पदराला कधीच आवळायचा नाही, आवळला तर त्या जागी रोप दर उचलीला वाकते आणि आतून तुटत जाते. हे सगळे रात्री अकराला, हेल्मेटच्या दिव्यावर, मागे हॉर्न वाजवत उभ्या असलेल्या ट्रेलरच्या साक्षीने होत नाही.

दुसरी गोष्ट लोड इंडिकेटरची, म्हणजे हुकवरचा भार दाखवणाऱ्या स्क्रीनची. स्क्रीन हिरवी दिसली की सगळे निश्चिंत होतात. जुन्या क्रेनवर त्या स्क्रीनला तुम्ही जे सांगितले तेवढेच ठाऊक असते. आउटरिगर, म्हणजे क्रेनचे बाजूला काढायचे टेकू पाय, जागेअभावी अर्धे काढले आणि सेटिंग पूर्ण काढल्याचे ठेवले, तर क्रेन कलायला लागेपर्यंत दिवा हिरवा राहू शकतो. चार फॉलवरून दोन फॉलवर आणले आणि सेटिंग चारचेच राहिले, तर त्याच वजनाला रोपवर दुप्पट ताण येतो आणि रोपची मर्यादा ओलांडल्याचा इशाराच येत नाही. म्हणून आम्ही माहीत असलेले वजन उचलायला लावतो. वजन जमिनीपासून सुटल्यावर टेपने फिरत्या केंद्रापासून हुकपर्यंतची त्रिज्या मोजतो आणि स्क्रीनवरच्या आकड्याशी ताडतो. वजन सुटण्याआधी मोजून उपयोग नाही : भार आला की बूम वाकतो आणि त्रिज्या वाढते. हुक, शॅकल आणि स्लिंगचे वजनही लोडच आहे, हे लोड चार्ट (किती त्रिज्येवर किती वजन चालते त्याचा तक्ता) वाचताना विसरले जाते. मोठ्या क्रेनच्या हुकचेच वजन शेकड्यांत किलो असते.

हुक वर जाऊन बूमच्या टोकाला आपटू नये म्हणून असलेला अँटी टू ब्लॉक स्विच आम्हाला पुष्कळदा बांधून ठेवलेला मिळतो. त्याला साखळीने एक वजन लटकते. हुकने ते वजन उचलले की स्विच सुटतो आणि हॉइस्ट थांबते. स्विचची कळ बाइंडिंग वायरने खाली ओढून बांधली की वजन उचलले गेले तरी हॉइस्ट चालूच राहते. खालून पाहणाऱ्याला साखळी आणि वजन अगदी जागेवर दिसतात. म्हणून ते वजन हाताने उचलून हॉइस्ट खरोखर थांबते का, हे पाहावे लागते. बायपासची चावी कॅबमध्येच लटकत असेल, तर तीही आम्ही काढून नेतो. त्यावर रुसू नये.

आउटरिगरखालच्या जमिनीबद्दल एकच हिशेब मांडतो. एका पायावर ४० टन भार आला आणि खाली अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची पाटी असेल, तर दर चौरस मीटरला १६० टन पडतात. तीच पाटी दीड मीटर बाय दीड मीटर केली, तर साधारण १८ टन. पण मोठी पाटी पातळ असेल तर मधेच वाकते आणि भार पुन्हा त्याच अर्ध्या मीटरवर येतो. रेल्वेच्या हद्दीत या पाटीखाली केबलची नाली, जुना मोरीचा पाइप, नुकताच बुजवलेला खड्डा किंवा भरावाची कड असण्याची शक्यता इतर बांधकामापेक्षा जास्त. जमिनीचा कागद दुसऱ्या विभागाकडे आहे, हे आम्ही जाणतो. तो आमच्यासमोर आणून ठेवा, एवढेच म्हणणे आहे.

पोकलेनने खोदायचे ठरते आणि तासाभरात त्याच्याच बकेटला स्लिंग अडकवून स्लीपर उचलले जातात. उचलायचे असेल तर बूम आणि आर्मच्या सिलिंडरवर होज फुटल्यावर भार धरणारे व्हॉल्व हवेत, उचलायची अधिकृत कडी हवी आणि त्या जोडणीचा लोड चार्ट कॅबमध्ये हवा. बकेटच्या दातात स्लिंग अडकवली, तर दुसरे काही न पाहता आम्ही मशीन थांबवतो. क्विक हिचची (बकेट पटकन बदलता येणाऱ्या जोडाची) सेफ्टी पिन जागेवर आहे का, हे खाली उतरून डोळ्यांनी पाहायचे. ही पिन बरेचदा सीटमागच्या डब्यात असते, कारण ती घालायला ऑपरेटरला दर वेळी खाली उतरावे लागते. भार धरण्याची चाचणी सोपी आहे : ठरलेले वजन उचलून इंजिन बंद करा, दहा मिनिटे थांबा, आणि वजनाचा तळ किती मिलिमीटर खाली आला ते पट्टीने मोजा. बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आला, तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व गेले आहेत. गळती शोधायला मात्र हात फिरवू नये. दाबाखालचे तेल सुईसारखे कातडीत शिरते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा.

आता रोड-रेल मशीन, म्हणजे टायरवर चालत येऊन रुळावर चढणारे. आमचा सर्वात जास्त वेळ यांना लागतो आणि तुम्ही सर्वात कमी वेळ यांनाच देता.

काही मशीनना रेल्वेच्या चाकावरच स्वतःचा ब्रेक असतो. काहींमध्ये रबरी टायर रेल्वेच्या चाकावर किंवा त्याच्या हबवर दाबून बसतो आणि चालणे-थांबणे दोन्ही त्या घर्षणावर होते. दुसऱ्या जातीत टायरचा दाब हाच ब्रेक. टायरमध्ये हवा कमी असेल, टायर झिजला असेल किंवा चिखल-तेल लागलेले असेल, तर कॅबमधला पेडल कितीही कडक लागला तरी चाक घसरते. म्हणून टायरचा दाब गेजने मोजायचा, पायाने लाथ मारून नाही. चाकावर टायरचा ठसा किती रुंद पडतो तेही पाहायचे.

खरा घात चढताना आणि उतरताना होतो. एका बाजूची रेल्वेची चाके खाली आली, टायर जमिनीपासून सुटले, पण अजून चाकावर दाबून बसलेले नाहीत, असा एक क्षण येतो. क्रम चुकला, तर त्या क्षणी मशीनला ब्रेकच नसू शकतो. रुळ १०० मीटरला १ मीटर उतरता असेल, तर २० टनांच्या मशीनवर उताराचा ओढा साधारण २०० किलोंचा असतो, आणि लोखंडी रुळावर फिरणाऱ्या लोखंडी चाकांचा विरोध त्याच्या पाव-तृतीयांश भागाइतका. म्हणजे ते आपोआप सुटते. म्हणून चढण्याची जागा सपाट हवी, कोणती चाके आधी खाली घ्यायची हा क्रम त्या मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणे हवा, आणि तो क्रम ऑपरेटरने आमच्यासमोर करून दाखवायला हवा. 'मला माहीत आहे' हे उत्तर आम्ही धरत नाही.

रोड-रेल मशीनमागे रुळावर जोडल्या जाणाऱ्या ट्रेलरला तर त्याहून कडक नियम. होज सुटली की ब्रेक आपोआप लागला पाहिजे. चाचणी अशी : भरलेला ट्रेलर जोडा, ब्रेकची होज काढा, आणि मशीनने ट्रेलर हळू ओढा. चाके फिरता कामा नयेत, घसरली पाहिजेत. फिरली, तर ट्रेलर बाद. नुसती होज जोडलेली पाहून चालत नाही. १५ फेब्रुवारी २००४ ला इंग्लंडमधल्या टीबे इथे रुळांनी भरलेला असाच एक ट्रेलर उतारावरून सुटला आणि काही किलोमीटर अंधारात धावत जाऊन काम करणाऱ्या टोळीत घुसला. चार कामगार गेले. त्या ट्रेलरचे हायड्रॉलिक ब्रेक काम करत नव्हते, चाकांखाली लाकडी ठोकळे लावलेले होते. ब्रेक चालू असल्याचे भासावे म्हणून नळ्यांत बॉल बेअरिंगच्या गोळ्या भरल्याचेही खटल्यात पुढे आले. वरवर पाहणाऱ्या तपासणीसाला फसवण्यासाठीच हे केले जाते. त्याला उत्तर एकच : होज काढून, ओढून पाहणे. त्यासाठी रुळाचा तुकडा, भरलेला ट्रेलर आणि अर्धा तास लागतो. ब्लॉकच्या पहिल्या अर्ध्या तासातून तो कोणी देत नाही.

चाकांचे आतले अंतरही मोजावे लागते. १४३५ मिमी गेजला (गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर) ते सुमारे १३६०, १६७६ मिमी गेजला सुमारे १६००. बनवणाऱ्याने दिलेली मर्यादा अंतिम. एकाच ठिकाणी मोजून थांबायचे नाही. चाक एक-तृतीयांश फिरवत तीन ठिकाणी मोजा. तिन्ही आकडे वेगवेगळे आले, तर एक्सल वाकला आहे किंवा चाक सैल आहे, आणि असे मशीन पहिल्याच पॉइंटवर (जिथे रुळ दुसऱ्या मार्गाला फुटतो तिथे) रुळावरून घसरते. त्याच्या जोडीला एक्सलचा झोल लॉक, म्हणजे एक्सलचे वर-खाली झुलणे रोखणारा लॉक, पाहायचा. उचल करताना तो लॉक असावा, चालताना सुटा असावा. चालताना लॉकच राहिला आणि रुळाला पीळ असला, की एक चाक हवेत.

फिरण्याची आणि उंचीची मर्यादा घालणारे उपकरण शेजारच्या चालू रुळापासून आणि वरच्या तारेपासून वाचवते. पण तेही जोडणीवर अवलंबून. बकेट काढून लांब स्लीपर ग्रॅब (स्लीपर पकडणारा पंजा) लावला आणि उपकरणाला ते कळवले नाही, तर ते आर्मच्या टोकापर्यंतची उंची मोजत बसते आणि ग्रॅब त्याच्या वर असतो. फिरण्याची मर्यादा पूर्ण वेगाने तपासायची, कारण थांबण्याचा हुकूम आल्यावरही वरचा भाग थोडा पुढे जातोच. तो 'थोडा' धरून मर्यादा लावलेली असली पाहिजे. समोर बूम थांबला तरी मागचे काउंटरवेट पलीकडच्या रुळावर गेले नाही ना, हे जमिनीवर खडूची रेघ मारून पाहा. रुळ कललेला असेल तर खालच्या बाजूला फिरताना लोड बाहेर झुलतो आणि त्रिज्या वाढते. कललेल्या रुळाचा चार्ट वेगळा असतो आणि तोच कॅबमध्ये हवा.

ओव्हरहेड वायर २५ हजार व्होल्टची असेल, तर बंद केलेली तारही अर्थ केल्याशिवाय मेलेली मानू नये. शेजारच्या चालू तारेमुळे तिच्यात व्होल्टेज चढते. मशीनला जोडायचा बाँडिंग क्लॅम्प (अर्थची तार धरणारा चिमटा) रंगावर लावलेला असेल तर तो लावलेलाच नाही. तेवढी जागा खरवडून उघडे लोखंड करा.

बाकीच्या मशीनवर इथे फार लिहीत नाही. टॅम्पिंग मशीनच्या (रुळाखालची खडी ठोकून बसवणाऱ्या) वर्क हेडच्या लॉक पिना प्रवासाआधी हाताने हलवून पाहाव्यात. पायलिंग रिगच्या केली बारचा (खोदणारे अवजार फिरवणाऱ्या दांड्याचा) स्विव्हल, म्हणजे फिरता सांधा, जाम झाला की पीळ रोपमध्ये चढतो आणि रोपचे पेड पिंजऱ्यासारखे फुगतात. अशी रोप नवी असली तरी बाद. काँक्रीट चढवणाऱ्या बूम पंपाच्या पाइपच्या बेंडची बाहेरची कड आधी झिजते, म्हणून जाडी अल्ट्रासोनिक गेजने तिथेच मोजायची. लाँचिंग गर्डरच्या (पुलाचे गर्डर बसवणाऱ्या यंत्राच्या) हाय टेन्सिल बारवर वेल्डिंगचा एखादा शिंतोडा उडालेला दिसला, तरी तो बार काढून टाकायचा. घासून साफ करून परत लावायचा नाही. रुळावरच्या हातगाडीला मूठ सोडली की लागणारा ब्रेक हवा, मूठ दाबली की लागणारा नको. बूमवर साइटच्या वेल्डरने मारलेली पट्टी दिसली, की आमची तपासणी तिथेच संपते. त्या पोलादाची ताकद उष्णतेने जाते, आणि वर रंग मारला म्हणून ती परत येत नाही.

आता पैशांचा आणि हुकमाचा भाग, कारण अडते ते इथेच. भाड्याच्या करारात तपासणीचे चार तास 'ब्रेकडाउन' म्हणून धरले जातात आणि मालकाचे भाडे कापले जाते. मग मालक ऑपरेटरला सांगतो, 'लवकर उरकून घे', आणि ऑपरेटर आम्हाला ग्रीसखाली काय आहे ते दाखवत नाही. ते तास करारातच भाड्याचे तास म्हणून लिहा. मशीन नापास झाले तर दुरुस्तीचे तास मालकाचे. एवढ्या एका कलमाने लपवालपवी बरीच कमी होईल, असे आमचे मत आहे. दुसरे, तपासणीस ज्याच्या हाताखाली असेल त्याच्यावर त्या महिन्याच्या प्रगतीचा आकडा नसावा. ब्लॉक वाया गेला तर जाब ज्याला द्यावा लागतो, त्याच्याकडूनच 'हे मशीन थांबवू का' अशी परवानगी मागायची, ही सोय चुकीची आहे. 'पुढच्या सर्व्हिसला बघू' हा शेरा हेडलाइट, आरसा किंवा सीटसाठी चालेल. ब्रेक, रोप, लोड धरणारे व्हॉल्व आणि मर्यादेची उपकरणे यांना तो चालत नाही.

आणि जोडणी बदलली की तपासणी पुन्हा. काउंटरवेट, बूमची लांबी, फॉल, अटॅचमेंट, रोप, दुसरे गेज, किंवा रुळावरून घसरण्याचा एखादा प्रकार : यांपैकी काहीही घडले की जुनी सही संपली. मशीन त्याच साइटवर असले तरी.

आमच्या बाजूने आम्ही हे बांधून घेतो : मशीन वेळेवर मिळाले तर त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत लेखी शेरा, नापास असेल तर कोणता भाग, किती माप आले, मर्यादा किती आणि काय बदलले तर पास होईल, एवढे सगळे त्यात. मोघम 'स्थिती असमाधानकारक' असे लिहून आम्ही कोणाचे मशीन अडवणार नाही. व्हर्नियर, टेप, गेज, पुठ्ठा आणि खडू आमच्याकडे आहेत. टेस्ट वेट आणि रुळाचा एक सपाट तुकडा तुमच्याकडून हवा.

कळावे,

आपले,
प्लांट व मशिनरी तपासणीस